सुटणार की अडकणार?

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात अस्वलाने माणसावर हल्ला केल्याची बातमी नवी नाही. जीव वाचवायला कोयता चालवला आणि अस्वल मेलं, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं ११ वं कलम त्या माणसाला गुन्हेगार ठरवत नाही. मात्र त्याच कलमात एक मेख आहे. तो त्या वेळी शिकारीसारखं या कायद्याविरुद्ध काही करत असेल, तर ही सवलत मिळत नाही. म्हणजे अस्वल अंगावर आलं का, एवढंच विचारून भागत नाही. माणूस रानात कशाला गेला होता, हेही बघितलं जातं.

माणसाच्या हातून माणूस मेला, की तालुक्यातल्या रामनगर-जगलबेटच्या हॉटेलांतली चर्चा वेगळ्या वाटेने जाते. सुटणार की अडकणार, यावर चहा संपेपर्यंत निकाल लागलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा मेलेला माणूस कसा होता यावर लागतो.

ही खोड वृत्तवाहिन्यांनी लावली असं म्हणायचीही सोय नाही. २७ एप्रिल १९५९ ला मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांनी प्रेम आहुजा मेला. आहुजाचे नानावटींच्या पत्नीशी संबंध होते. आहुजाने रिव्हॉल्व्हरवर झडप घातली, झटापट झाली आणि गोळ्या सुटल्या, असा नानावटींचा बचाव होता. काटेकोर बोलायचं तर हा स्वसंरक्षणाचा नव्हे, अपघाताचा बचाव. पण ‘आधी हात त्याने घातला’ हा गाभा दोन्हींचा एकच. करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने कमांडरची बाजू उचलून धरली. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेला. रस्त्यावर खेळण्यातली ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ आणि ‘आहुजा टॉवेल’ विकायला आले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं.

न्यायाधीश मेहतांना हा कौल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे वर्तमानपत्री जयजयकार गळून पडला आणि बारीकसारीक गोष्टी बोलू लागल्या. आंघोळ करून आलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल इतक्या झटापटीत जागचा हलला नव्हता. रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जायचंय, असं सांगून नानावटींनी जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली होती. घरातून निघाले दुपारी दीडला, गोळ्या झाडल्या गेल्या चार वीसला. डोकं थंड व्हायला एवढा वेळ पुरेसा होता, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६१ मध्ये म्हटलं आणि उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप कायम केली. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. लोकांना हवं ते अखेर झालं, पण ते न्यायालयात झालं नाही.

साठेक वर्षांनी बदलापूर. मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ ला मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असं पोलिसांनी सांगितलं. मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक झळकले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयासमोर आला: पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे नव्हते, बळाचा वापर समर्थनीय नव्हता. हा दोषसिद्धीचा निकाल नव्हे. पण फलक लावणाऱ्यांना ठशांची वाट बघावीशीही वाटली नव्हती.

आणि कोर्टाचंही पहिलं उत्तर शेवटचं असतंच असं नाही. २००६ मध्ये लखनभैया पोलिसांच्या चकमकीत मेला, त्या खटल्यात सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये पोलीस अधिकारी प्रदीप शर्मांना सोडलं. उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये जन्मठेप दिली.

चहाच्या कपावर लागणाऱ्या या निकालांचा खरा फटका ज्याच्या नावाचे फलक कधीच लागत नाहीत त्याला बसतो. समजा, बांधाच्या भांडणात जोयड्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या हातून गावातला लोकप्रिय माणूस मेला. भारतीय न्याय संहितेची स्वसंरक्षणाची ३४ ते ४४ ही कलमं त्याच्याही कामाची आहेत. धोका खरा होता आणि आपण गरजेपेक्षा जास्त मारलं नाही, हे त्याने संभाव्य वाटेल इतपत दाखवलं तरी पुरतं. संशयातीत पुरावा द्यावा लागतो तो सरकार पक्षाला. पण कोयता आधी कुणी उगारला, हे सांगणारे साक्षीदार गावातलेच असतात. कारवारच्या सत्र न्यायालयात ते उभे राहतात तोवर ‘याने मुद्दाम मारला’ हे त्यांनी इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की स्वतः काय पाहिलं ते उलटतपासणीत धड सांगता येत नाही.