कॅल्शियमची बाटली आणि गाभण गाय

दूध संस्थेत सकाळी रांगेला उभे राहिले की दोन विषय हमखास कानी पडतात. एक फॅटचा आणि दुसरा कॅल्शियमच्या बाटलीचा. कोणती बाटली भारी, कुणाच्या गाईचे दूध कशाने वाढले, याच्या गप्पा कॅन रिकामा होईपर्यंत चालतात. पशुखाद्याच्या दुकानात गेलेला माणूस पेंडीच्या पोत्याबरोबर एखादी बाटली किंवा पुडी घेतल्याशिवाय परतत नाही. घेण्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती न विचारता आणि न मोजता देण्याबद्दल.

मागच्या वर्षी एका गावात पीक पाहणीला गेलो होतो. वाटेतल्या गोठ्यात एक संकरित गाय व्यायल्याच्या दुसऱ्या दिवशी खाली बसलेली. मान पोटाकडे वळवलेली, कान थंडगार. डॉक्टरांना वेळेवर बोलावणे गेले होते. त्यांनी शिरेतून कॅल्शियम दिले आणि गाय उठली. दुखणे होते दुग्धज्वराचे, म्हणजे रक्तातले कॅल्शियम एकाएकी घटण्याचे. नावात ज्वर असला तरी यात अंग उलट थंड पडते. गाय वाचली, पण त्या वेतात दूध काही भरून आले नाही. मालक मला म्हणाला, "साहेब, आठव्या महिन्यापासून रोज बाटली पाजतोय. मग कॅल्शियम कमी पडलंच कसं?"

हा प्रश्न प्रत्येक दूध उत्पादकाने समजून घ्यावा असा आहे. गाईची हाडे म्हणजे कॅल्शियमची कणगी. गरज पडली की शरीर त्या कणगीतून काढून रक्तात घालते. पण गाभण काळात रोज बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिले, तर कणगी उघडण्याची शरीराची सवय मोडते. गाय विते, चीक उतरतो, एकदम मोठी मागणी येते आणि तेव्हा कणगीचे झाकण लवकर निघत नाही. धान्य घरात असून उपाशी राहावे, तशी गाईची गत होते. म्हणून विण्याआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमची बाटली आपल्या मनाने पाजू नये. लसूण घासाचाही मारा करू नये, कारण त्यात कॅल्शियम भरपूर असते. विल्यानंतर कॅल्शियम किती आणि कसे द्यायचे, ते डॉक्टरांना विचारावे.

मग कॅल्शियम आणि खनिजे द्यायचीच नाहीत का? तसे मुळीच नाही. एक लिटर दुधातून सुमारे सव्वा ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते. दहा लिटर देणारी गाय दूधावाटे रोज सुमारे साडेबारा ग्रॅम गमावते. ते भरून काढावेच लागते. त्यातून आपल्या ऊसपट्ट्यात हंगामभर जनावरांपुढे वाढे पडलेले असते. वाढ्यात ऑक्झॅलेट असते. ते चाऱ्यातले कॅल्शियम बांधून शेणावाटे बाहेर काढते. म्हणजे वाढ्याने पोट भरते, पण हाडे रिकामी होतात. तेव्हा नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नये. सोबत कडबा आणि थोडा द्विदल चारा द्यावा. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याचा सल्लाही तज्ज्ञ देतात. हे उपाय बाटलीपेक्षा स्वस्त आहेत.

दुभत्या मोठ्या जनावराला खनिज मिश्रण रोज साधारण ५० ग्रॅम पुरते, वासराला २० ते २५ ग्रॅम. जास्त दुधाच्या गाईचे माप डॉक्टरांकडून वाढवून घ्यावे. ५० ग्रॅम म्हणजे किती, हे एकदा दुकानातल्या काट्यावर बघा आणि तेवढ्या मापाची डबी गोठ्यात ठेवा. मूठ प्रत्येकाची वेगळी असते. धन्याची मूठ आणि पोराची मूठ यांत दुपटीचा फरक पडतो. मिश्रण आंबोणात नीट कालवून द्यावे. आणखी एक, गोळी पेंडीत बहुधा खनिजे आधीच घातलेली असतात. पोत्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय वर आणखी पुडी टाकू नका. पिशवीवर आय.एस. १६६४ हे मानक, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख पाहा. पावसाळ्यात ओल लागून गोळे झालेले मिश्रण वापरू नका.

आता तीन धोके ध्यानात ठेवावेत. पहिला, खाली बसलेल्या जनावराच्या तोंडात बाटली ओतू नये. औषध फुप्फुसात जाते आणि जनावर दगावते. शिरेतून दिलेले कॅल्शियमही भरभर गेले तर हृदय बंद पडते. ते काम डॉक्टरांचेच आहे. गावात सुई टोचत फिरणाऱ्या कुणाचे ते नव्हे.

दुसरा, गाईचे खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नये. मेंढीला तांबे सोसत नाही. ते यकृतात साठत जाते आणि एक दिवस लघवी लाल होऊन चांगली धडधाकट मेंढी पडते. धनगर बांधवांनी मेंढ्यांसाठीचेच मिश्रण मागून घ्यावे.

तिसरा, युरिया. सुक्या चाऱ्याची प्रक्रिया चांगली आहे, पण तिचे माप ठरलेले आहे. १०० किलो चाऱ्याला ४ किलो युरिया सुमारे ४० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, चारा दाबून २१ दिवस हवाबंद ठेवायचा आणि खाऊ घालण्यापूर्वी वारा लागू द्यायचा. सहा महिन्यांच्या आतील वासराला तो देऊ नये. पिकाच्या पोत्यातला मूठभर युरिया गव्हाणीत टाकणे म्हणजे विषाशी खेळ आहे.

यात दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. दुकानदार सल्ला देतो, कारण त्या वेळी दुसरे कुणी देत नाही. आम्ही विस्तार कर्मचारी बियाणे आणि खतांवर तासभर बोलतो आणि गोठ्याजवळून तसेच पुढे जातो. ही चूक आम्ही मान्य केली पाहिजे. दूध संस्थांनी खनिज मिश्रण एकत्र, पावतीने खरेदी करावे आणि त्याच्या मापाचा फलक संकलन केंद्रावर लावावा. ग्रामसेवक आणि सरपंच यांनी एका ग्रामसभेत पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलवावे. तासाभराचा विषय आहे, पण त्यावर गावातल्या अनेक घरांची चूल चालते. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक प्रत्येक गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेला असावा.

पूरक आहार हा पूरकच. तो चाऱ्याची जागा घेत नाही आणि डॉक्टरांचीही नाही. पाजायला हात उचलण्याआधी तीन गोष्टी स्वतःला विचारा: कशाची कमतरता आहे, माप किती आणि जनावर कोणत्या महिन्यात आहे. तिन्हींचे उत्तर मिळाले तर द्या. एकाचेही मिळाले नाही, तर बाटली फळीवर ठेवा आणि दवाखाना गाठा.