न विचारलेल्यानें दिलेलें उत्तर

वर्गांत हजेरी चालू असतां ज्याचें नांव पुकारलें त्यानें गप्प बसावें आणि शेजारच्यानें “हजर” म्हणून मोकळें व्हावें, हा प्रकार आमच्या विद्यार्थ्यांस नवीन नाहीं. यांत कोणाचें काय बिघडलें, असें ते आम्हांस विचारतात. त्यांच्या विचारार्थ एक खरी हकीकत आम्ही येथें देतों.

अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत क्विन्सी नांवाचें लहानसें शहर आहे. १९९६ सालीं तेथील विमानतळावर नियंत्रणाचा मनोरा नव्हता. अशा ठिकाणीं प्रत्येक वैमानिकानें रेडिओच्या एका ठराविक लहरीवर आपला बेत सांगावयाचा, इतरांचा ऐकावयाचा आणि डोळे उघडे ठेवावयाचे, एवढाच बंदोबस्त असतो. त्या वर्षीं १९ नोव्हेंबर रोजीं सायंकाळीं ५ च्या सुमारास १० उतारू व २ वैमानिक असलेलें बीचक्राफ्ट १९०० जातीचें विमान तेथें उतरण्याच्या बेतांत होतें. त्याच्या धावपट्टीस छेदणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीवर किंग एअर जातीचें एक लहान विमान उड्डाणासाठीं उभें होतें, व त्याच्या मागें चेरोकी जातीचें त्याहूनहि लहान विमान होतें.

उतरणाऱ्यांनीं विचारलें, धावपट्टीवरील विमान थांबणार कीं उडणार? किंग एअरमधून कांहींच उत्तर आलें नाहीं. उत्तर आलें तें मागच्या चेरोकीकडून, कीं आपण उड्डाणासाठीं थांबलों आहोंत. त्यानें स्वतःचा क्रमांक सांगितला होता. परंतु त्याच वेळीं उतरणाऱ्या विमानांतील यंत्रानें उंचीची सूचना उच्चारली आणि उत्तराचा कांहीं भाग त्यांत बुडाला. किंग एअरच थांबणार, असा उतरणाऱ्यांचा समज झाला. तें विमान जमिनीस टेकून धांवत असतां धावपट्ट्यांच्या छेदावर दोघांची टक्कर झाली व आग लागली. मोठ्या विमानांतील माणसें टकरींतून वांचलीं होतीं. लोक धांवत आले, पण दार उघडेना. विमानतळावर अग्निशामक माणसें हजर नव्हतीं. दोन्ही विमानांतील मिळून १४ जण प्राणांस मुकले.

चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळानें मुख्य दोष किंग एअरच्या वैमानिकांस दिला. रेडिओकडे लक्ष देणें किंवा आसपास नीट पाहणें त्यांच्याकडून झालें नाहीं, असें मंडळाचें मत पडलें. चेरोकीच्या तुटलेल्या उत्तरानें गैरसमज वाढविला, व न उघडलेलें दार आणि अपुरी अग्निशामक व्यवस्था यांनीं हानि वाढविली, हेंहि मंडळानें नमूद केलें.

हा निकाल आम्हांस न्याय्य वाटतो. कित्येक म्हणतील कीं, चेरोकीच्या चालकाचा हेतु वाईट नव्हता, मग त्यास बोल कां लावावा? हेतु चांगला होता हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु प्रश्न ज्यास विचारला त्याच्या जागीं दुसऱ्यानें उत्तर दिलें, म्हणजे विचारणाऱ्याचें समाधान होतें आणि तो पुन्हा विचारीत नाहीं. कोणीच बोललें नसतें तर कदाचित् तो सावध राहिला असता! मौन हें संमतीचें लक्षण मानण्याची आपली रीत आहे. येथें त्या मौनाचा अर्थ न ऐकणें एवढाच असावा. विचारणाऱ्यानेंहि उत्तर कोणाचें हें ताडून पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये.

अधिकारी लोकांसहि यांत धडा आहे. इतक्या लहान विमानांसाठीं अग्निशामक माणसें तैनात ठेवण्याची सक्ति त्या काळीं कायद्यानें नव्हती. खर्चाची अडचण आम्ही जाणतों. तथापि उतारू थोडे आहेत म्हणून त्यांच्या रक्षणाची तजवीजहि थोडी असावी, हा हिशेब आम्हांस पटत नाहीं.

यापुढें हजेरीच्या वेळीं शेजाऱ्याचें नांव ओठांवर आलें असतां विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबावें. ज्याचें नांव पुकारलें त्यानेंच उत्तर द्यावें. आणि आम्हां शिक्षकांनींहि मान वर करून आवाज कोणाचा तें पाहावें, व मगच पटावर खूण करावी.