चार व्हायोलिन, बास नाही. मग?

वेस्टर्न क्लासिकल म्हटलं की लगेच ऐकायला मिळतं, "त्याला शंभर जणांचा ऑर्केस्ट्रा लागतो राव, संभाजीनगरात कुठून आणणार?" साफ चूक! जर्मन संगीतकार टेलेमानने (१६८१-१७६७) चार कॉन्चेर्टो फक्त चार व्हायोलिनसाठी लिहिलेत. त्या काळी चेलो-हार्पसिकॉर्डचा आधार जवळजवळ सक्तीचाच. पठ्ठ्याने तोच काढून टाकला. एक व्हायोलिन गातं, दुसरं खालचा सूर धरतं, की लगेच अदलाबदल. कायमचा साथीदार कुणीच नाही. (आपल्याकडे गजाननबुवा जोशींनी सोलो वाजवून दाखवलं, तरी व्हायोलिन म्हणजे गायकाच्या मागे बसायचं वाद्य!) वेरूळ-अजिंठा महोत्सवात चार वादक उभे करायला असा कितीसा खर्च येणार? स्पीकर्सच्या भिंतीचं भाडं वाचेल ते वेगळंच.