मी सही का केली नाही

गेल्या महिन्यात आमच्या घरात जे झालं ते एव्हाना पुणे, ठाणे आणि न्यू जर्सी अशा तिन्ही ठिकाणी पोचलं आहे, आणि प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं पोचलं आहे. ठाण्याच्या नणंदबाईंनी तर फोनवर सुनावलं, "वहिनी, शिक्षिका असून तुम्ही पोरीच्या शिक्षणाच्या आड आलात!" इथे वाचणाऱ्यांत निम्मे नातेवाईकच आहेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. दहा जणांना दहा फोन करण्याचं आता वय नाही.

धाकट्याची मुलगी, माझी नात, चोवीस वर्षांची आहे. संगणक अभियांत्रिकी झाली, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली, आणि आता तिला सिनेमाचं दिग्दर्शन शिकायचं आहे. गेल्या वर्षी तिने आपल्याकडची सरकारी प्रवेश परीक्षा दिली. लेखी पार पडली, अंतिम यादीत नाव लागलं नाही. मग तिने अमेरिकेत चार ठिकाणी अर्ज केले. एका विद्यापीठाचं पत्र आलं. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, फीचा काही भाग माफ, आणि बाकी फी, राहणं, खाणं, विमा मिळून साठ लाखांच्या वर कर्ज. साडेसात लाखांच्या पुढच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. धाकट्याच्या फ्लॅटवर आधीच कर्ज आहे. राहिलं नाशिकचं हे घर, जे माझ्या नावावर आहे.

मी सही केली नाही. एवढीच घटना.

त्या रात्री धाकटा एकच वाक्य बोलला, "दादाच्या वेळी एवढा विचार केला नव्हतास." खरं आहे. १९९९ साली थोरला एम. एस. करायला गेला तेव्हा ह्यांनी आणि मी याच घराचे कागद बँकेत नेऊन दिले होते. येताना पेढे आणले होते. मला त्या रात्री उत्तर सुचलं नाही, आणि झोपही लागली नाही. मुलगा होता म्हणून दिलं आणि मुलगी आहे म्हणून नाही, असं तर नाही ना? स्वतःला विचारून पाहिलं. पस्तीस वर्षं वर्गात मुलींना 'शिका' म्हणून सांगितलं, तेव्हा हा प्रश्न टाळणं बरं दिसलं नसतं.

माझं उत्तर असं आहे. थोरल्याला दुसऱ्या सत्रापासून विद्यापीठातच काम मिळालं, फी माफ झाली, शिक्षण संपताच नोकरी लागली आणि तीन वर्षांत कर्ज फिटलं. त्या पदवीला महिन्याचा हप्ता भरता येतो. सिनेमाच्या पदवीला तो येत नाही. तिची लायकी कमी म्हणून नव्हे, त्या धंद्याची रीतच तशी आहे म्हणून. शिकून बाहेर पडलेला माणूस आधी कुणाचा तरी सहायक होतो, मग स्वतःची गोष्ट घेऊन पैसेवाल्यांची दारं ठोठावतो, आणि त्यात पाच-सात वर्षं सहज जातात. बँक तर अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभरच थांबते. साठ लाखांवर दहा टक्के व्याज धरा, नुसतं व्याजच महिन्याला पन्नास हजार होतं. (गणित माझा विषय नव्हता, पण इतकं येतं.) शिवाय तिकडे शिकून झाल्यावर कामाची परवानगी संगणकवाल्यांना तीन वर्षांपर्यंत मिळू शकते, सिनेमावाल्यांना बहुधा एकच वर्ष. म्हणजे खर्च डॉलरात करायचा आणि कर्ज फेडायला अंधेरीत सहायक दिग्दर्शक म्हणून राबायचं. हप्त्याच्या धाकाने ती दोन वर्षांत पुन्हा संगणकापुढे जाऊन बसेल, आणि साठ लाख खर्चून आपण तिचा सिनेमाच सोडवलेला असेल. माझी भीती ही आहे. घर जाईल ही भीती त्यानंतरची.

यावर आमच्या जावईबापूंनी फाळक्यांचा दाखला दिला. "आई, तुम्ही नाशिककर. दादासाहेबांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून विलायत गाठली नसती तर?" दाखला बिनतोड वाटतो, म्हणूनच तो नीट वाचायला हवा. फाळक्यांनी १९१२ साली पॉलिसी गहाण टाकल्या त्या स्वतःच्या, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. तोवर कलाशाळा, छायाचित्रण, छपाई असे अनेक उद्योग हाताखालून गेले होते. लंडनला राहिले ते थोडेच दिवस. कॅमेरा आणि कच्ची फिल्म यांची सोय करून, लागेल तेवढं ज्ञान घेऊन परत आले. आल्यावर कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो याची छोटी फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. मग १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. आणि जावईबापू, शेवटचं पानही वाचावं. १९४४ साली याच नाशकात ते गेले तेव्हा हाती पैसा उरला नव्हता.

आता सिनेमा शिकूच नये का? असं मी म्हटलेलं नाही, आणि ठाण्यापर्यंत नेमकं तेच पोचलं आहे. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, कोलकात्यात १९९५ पासून सत्यजित राय यांच्या नावाची संस्था आहे. दोन्ही केंद्र सरकारच्या. २०२५ साली दोन्हींना अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. पुण्याचीही फी वाढत आली आहे. परीक्षेचं शुल्क आणि दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढणारी फी यांविरुद्ध डिसेंबर २०१९ मध्ये विद्यार्थी उपोषणाला बसले होते, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. सरकारी संस्थाच महाग झाली तर खेड्यातल्या पोराने कुठे जायचं? तरीही अमेरिकेच्या खर्चापुढे ती फी फारच थोडी आहे आणि तिला घर तारण लागत नाही. अडचण जागांची. दिग्दर्शनाला दहा-बारा. एका वेळी नाव लागलं नाही यात काही नवल नाही.

चिदानंद नाईक नावाचा म्हैसूरचा मुलगा एम. बी. बी. एस. झालेला डॉक्टर. तो पुण्याच्या संस्थेत दूरचित्रवाणीच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला आला आणि त्यात केलेल्या लघुपटाला २०२४ साली कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या विभागात पहिलं बक्षीस मिळालं. नागराज मंजुळ्यांनी 'पिस्तुल्या' केला तो नगरच्या कॉलेजात संज्ञापन शिकत असताना. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि 'कोर्ट'चे चैतन्य ताम्हाणे तर कुठल्याच फिल्मशाळेत गेले नाहीत. परदेशच हवा असेल तर प्राग शहरात १९४६ पासूनची सरकारी फिल्मशाळा आहे. चेक भाषेत शिकणाऱ्याला फी नाही, इंग्रजीतून शिकलं तर आहे. आमच्या पोरांना फुकटापेक्षा इंग्रजी सोपं वाटतं, त्याला काय करणार. अमेरिकेतही काही विद्यापीठं शिकवण्याच्या कामाच्या बदल्यात फी माफ करतात. तिथे जागा मिळाली तर मी स्वतः विमानतळावर सोडायला येईन.

एक गोष्ट मात्र मला शिक्षिका म्हणून टोचते. अर्जासोबत जे निवेदन द्यायचं असतं, ते तिने मला वाचायला दिलं होतं. सुरुवातच 'लहानपणापासून मला सिनेमाची प्रचंड आवड आहे' अशी. वाचल्याबरोबर ओळखलं, हा तर आमचाच निबंध! 'माझा आवडता छंद', दहा गुण. आम्ही मुलांना सुंदर वाक्यं पाठ करायला लावली. तू काय पाहिलंस, हे कधी विचारलंच नाही. आणि निवड करणारे नेमकं तेवढंच विचारतात. आवड तर रांगेतल्या प्रत्येकाला असते.

मी लाल पेनाने पहिला परिच्छेद काढला आणि तिला म्हटलं, "मावशींच्या कुरडयांबद्दल लिही." करोनाच्या उन्हाळ्यात तिने गच्चीवर शेजारच्या मावशी कुरडया घालतात त्याचं फोनवर चित्रण केलं होतं. चेहरा नाहीच, फक्त हात, सोऱ्या आणि कोपऱ्यात सरकत जाणारी सावली. तेरा मिनिटं. पहिल्यांदा पाहताना मला कंटाळा आला होता. मावशी पुढच्या वर्षी गेल्या, तेव्हा त्यांच्या मुलाने ते मागून नेलं, आणि त्याच्याबरोबर बसून मी दुसऱ्यांदा पाहिलं. नातीला दिग्दर्शन येतं की नाही हे मला कळत नाही. पण त्या तेरा मिनिटांत ती कुठेही घाई करत नाही, हे मला कळलं.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे, आणि तो मी धाकट्याला लेखी दिला आहे. तिने दोन वर्षं इथे माझ्याकडे राहावं. खाणं-पिणं माझ्याकडे. परीक्षेच्या आणि अर्जांच्या फिया मी भरीन. माझ्या पेन्शनीतून साठलेली तीन लाखांची ठेव आहे, ती मोडून तिने एक छोटी फिल्म करावी. बुडाले तर माझे बुडतील, बँकेचे नाहीत. या काळात कुणीही तिला स्थळं सुचवू नयेत आणि 'मग पुढे काय?' असं विचारू नये. पैशापेक्षा हे दुसरं आपल्या घराण्याला जास्त जड जाईल, याची मला कल्पना आहे.

अमेरिकेच्या पत्राला उत्तर द्यायची मुदत उलटून गेली. नात त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्या जागी मीही बोलले नसते. परवा फोन आला, "आजी, वरच्या खोलीत खिडकी कुठल्या बाजूला आहे गं?" पश्चिमेला, म्हटलं, दुपारी तापते. तिथला पंखा आवाज करतो, तो उद्या दुरुस्त करून घेते.