ढाल कोणाची, मंत्र कोणाचा

‘लढणारा लढतो, मंत्र म्हणणारा मंत्र म्हणतो. खेळातसुद्धा चातुर्वर्ण्यच आहे, मग आपल्या पूर्वजांचं काय चुकलं?’ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं रंगवण्याचा फाशांचा खेळ खेळणाऱ्या चांगल्या शिकलेल्या मुलांच्या तोंडून हा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

टेबलावर काय घडतं ते आधी पाहा. समोर कोरा तक्ता. खेळाडू फासे टाकतो, बळ, चपळाई, बुद्धी यांपुढे आकडे लिहितो आणि नाइट व्हायचं की जादूगार, हे स्वतः ठरवतो. फासे कुणाचं आडनाव विचारत नाहीत. कालचा जादूगार मेला, तर आज तोच मुलगा ढाल उचलतो. कामं वाटून घेणं वेगळं आणि काम करणाऱ्या माणसांनाच जन्मावरून खालीवर लावणं वेगळं, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिलं होतं.

पण प्रतिपक्षाकडे एक खरा पुरावा आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४च्या मूळ नियमांत ड्वार्फ, म्हणजे खेळातल्या बुटक्या वंशाचं पात्र, फक्त लढवय्याच होऊ शके, तोही सहाव्या पातळीपर्यंत. बुद्धीपुढे १८ पडले तरी मंत्र त्याला बंद. १९७८च्या नियमांत पॅलॅडिन, म्हणजे धर्माला वाहिलेला नाइट, माणसाच्याच पोटी जन्मलेला हवा. याला जातच म्हणायचं, दुसरं काय! समर्थनही ओळखीचंच होतं. जग माणसांच्या वर्चस्वाचं राहिलं पाहिजे, असं खुद्द गायगॅक्सचं म्हणणं. बंधनं काढली तर खेळाचा तोल जाईल, असं इतरांचं. समाजाची घडी विस्कटेल, हे आपण किती पिढ्या ऐकत आलो?

२००० साली तिसऱ्या आवृत्तीने ही बंधनं काढून टाकली. ड्वार्फ जादूगार झाले, अर्धे ऑर्क, म्हणजे माणूस आणि ऑर्क या राक्षसी वंशाची मिश्र संतती, पॅलॅडिन झाले आणि खेळ बुडाला नाही. २०२४च्या नियमांत तर गुणांची वाढ वंशावरून मिळतच नाही. पात्राने आधी काय काम केलं, त्यावरून मिळते.

म्हणून भूमिका मोडा, असं मी म्हणत नाही. त्या हव्यातच. १९७८च्या नियमांत लढवय्याचा जीव दर पातळीला दहा बाजूंच्या फाशाने मोजत, जादूगाराचा चार बाजूंच्या. पहिल्या पातळीचा जादूगार तलवारीच्या एका घावात संपू शकतो. म्हणून नाइट अरुंद दारात ढाल रोवून उभा राहतो आणि त्याच्या पाठीमागे जादूगार मंत्र पुरा करतो. तो मंत्र चुकला, तर पहिला मरणारा नाइटच. एवढा विश्वास त्याने आपण होऊन टाकलेला असतो. रात्री दोघं एकाच शेकोटीशी बसतात, एकाच भांड्यातलं खातात. मग पहाऱ्याच्या पाळ्या लागतात, आणि त्यात जादूगाराचंही नाव असतं.