विद्यापीठाचा कचरा फाटकाबाहेर का जातो?

विद्यापीठाच्या आवारातला कचरा शहरातल्या कचऱ्याहून हाताळायला सोपा असतो. तो कुठे आणि केव्हा साठणार हे आधीच ठाऊक असते. मेसमध्ये दोन्ही वेळच्या जेवणानंतर खरकटे, परीक्षा विभागात रद्दी, उन्हाळ्याच्या तोंडावर पानगळ, सत्र संपले की वसतिगृहांच्या दारात गाद्या, बादल्या आणि वह्या. तरीही अनेक ठिकाणी हे सारे एका गाडीत कोंबून ठेकेदाराच्या हवाली होते आणि अहवालात मात्र ‘हरित परिसर’ छापला जातो. गाडीचा पुढचा मुक्काम कोणाच्या तरी गावाशेजारी असतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला. तिथल्या विहिरी नासल्या आणि ग्रामस्थांना गाड्या अडवाव्या लागल्या.

केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी 100 किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संस्थांना मोठे कचरा-उत्पादक ठरवले. त्यात विद्यापीठे आणि वसतिगृहे नावानिशी होती. 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असेही त्याच नियमांत होते.

ओला कचरा आवारात जिरवण्यात अवघड काही नाही, फक्त प्रमाण सांभाळावे लागते. नुसते खरकटे ढिगात टाकले की ते सडते, घाण सुटते, माश्या येतात आणि ‘प्रकल्प फसला’ असा शेरा पडतो. खरकट्यात नत्र आणि पाणी जास्त, वाळक्या पानांत कर्ब जास्त. खत नीट होण्यासाठी नत्राच्या 25 ते 30 पट कर्ब लागतो, म्हणजेच खरकट्याला पाचोळ्याची जोड लागते. थर देऊन, अधूनमधून खालीवर करून, ओल सांभाळली तर ढीग आतून तापतो आणि काही आठवड्यांत खत तयार होते. खरकटे फार असेल तिथे बायोगॅस संयंत्र मेसच्याच शेगडीला इंधन पुरवते. प्रत्यक्षात मात्र मेसमागे खरकटे कुजत असते आणि मैदानाच्या कडेला पाचोळ्याला काडी लावली जाते. उघड्यावर मोठ्या प्रमाणात कचरा जाळल्यास 25,000 रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्येच दिला आहे.

सुक्या कचऱ्याची किंमत तो कोरडा असेपर्यंतच. आमटी सांडलेल्या कागदाला रद्दीवाला हात लावत नाही. चहाच्या ‘कागदी’ कपाला आतून प्लॅस्टिकचा थर असल्याने तो रद्दीतही खपत नाही. कॅन्टीनने स्टीलचे पेले वापरावेत. प्रयोगशाळांतली रसायने आणि निर्लेखित संगणक यांची वाट वेगळी, ती अधिकृत संस्थांकडेच जाते.

कचरावेचकांचे ऋण तर विद्यापीठांनी विसरूच नये. पुण्यातली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 साली उभी राहिली, ती एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागाने वेचक महिलांमध्ये केलेल्या कामातून. कचरा जागीच वेगळा केला तर या महिलांना उकिरड्यात हात घालावा लागत नाही, हे तिथेच दिसले होते. म्हणून आवारातल्या सुक्या कचऱ्यावर पहिला हक्क त्यांच्या संस्थांचा असावा, त्यांना ओळखपत्र, हातमोजे, वर्गीकरणासाठी छप्पर असलेली जागा आणि वेतन मिळावे. ठेक्याचे पैसे उचललेल्या वजनावर देणे बंद व्हावे, कारण त्यात ठेकेदाराचा फायदा कचरा वाढण्यातच असतो, आणि प्रत्येक विभागाचा, वसतिगृहाचा आणि कुलगुरू निवासाचाही कचरा दरमहा तोलून आकडे सूचनाफलकावर लावावेत.