देहाचा ऋतू आणि कुनोचे चित्ते

श्योपूरकडचे कुनो रान जुन्या ग्वाल्हेर राज्यातले. म्हणूनच 2022 च्या सप्टेंबरात नामिबियातून 8 आणि 2023 च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून 12 चित्ते तेथे आले, तेव्हा आपल्या घरांतून माधवराव महाराजांची आठवण निघाली. महाराजांनीही विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेतून सिंह आणवून या मुलखात सोडले होते. ते गुरांवर व माणसांवर पडू लागले आणि प्रयोग फसला. या खेपेस गणित बिघडवले ते माशीने.

2023 च्या जुलै-ऑगस्टात तीन चित्ते दगावले. मानेवर व पाठीवर जखमा, जखमांत माश्यांच्या अळ्या आणि शेवटी रक्तात भिनलेले विष. कोणी गळ्यातल्या रेडिओ-पट्ट्यांना दोष दिला. अधिकाऱ्यांनी सांगितलेले कारण अधिक विचार करावयास लावणारे आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेस जून ते सप्टेंबर हिवाळा असतो. इकडे आषाढाच्या धारा लागल्या असता चित्त्यांच्या अंगावर तिकडच्या थंडीची दाट लव आली. तीत ओल मुरली, खाज सुटली, जखमा झाल्या आणि माशीला अंडी घालावयास जागा मिळाली.

वडील दरबारी गवई आणि मी गाणे शिकवणारा. ऋतूचा राग ऋतूतच गावा, हे आमच्या घरचे बाळकडू. तरीही वैशाखात मल्हार गायल्याने कोणाचा जीव जात नाही. जनावराच्या देहाला अशी मोकळीक नाही. तो विमानाने आणता येतो. त्याच्या अंगातले पंचांग मात्र तिकडचेच राहते.

मग जनावरे हलवूच नयेत काय? तसे नव्हे. 2018 मध्ये गीरच्या एका भागात काही आठवड्यांतच 23 सिंह मेले. त्यांच्यात कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू आणि गोचिडीमार्फत रक्तात शिरणारा बॅबेसिया हा परजीवी आढळला. सारा वंश एकाच परिसरात ठेवण्यातला धोका यातून उघड होतो. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच गीरचे काही सिंह कुनोत आणण्यास सांगितले होते. ते आलेच नाहीत.

तेव्हा दुसरे घर हवेच. कुनोत पुढे पावसाळ्यापूर्वी चित्त्यांना किडीवरचे औषध देऊ लागले, हे योग्यच झाले. परंतु दरसाल गाठून औषध द्यावे लागणारे जनावर पुरते रानटी कसे म्हणावे? यापुढे चित्ते आणावयाचे तर विषुववृत्ताच्या उत्तरेकडचे पाहावेत, असे मला वाटते. भक्ष्याचा आणि कुंपणाचा हिशेब आपण करतोच. ऋतूचा आणि माशीचा हिशेब त्याच्याही आधी मांडला पाहिजे.